महजराखालच्या निशाण्याही वाचायला शिकवा

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या विधी अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : कायद्याच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात किमान एक मराठी महजर (गोतसभेच्या निवाड्याचा जुना कागद) मुळातून वाचायला ठेवण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी एका तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षे दिवाणी वकिली करते. वाटण्या, बांध, पाणंदी, देवस्थानाच्या जमिनी, असली कामे. आठ-नऊ वर्षांपूर्वी एक कुंभार कुटुंब माझ्याकडे आले. ओढ्याकाठच्या एका तुकड्यातून माती नेण्याचा त्यांचा पिढीजात हक्क नव्या मालकाने अडवला होता. त्यांनी पत्र्याच्या नळकांड्यातून एक कागद काढला. बंदाला बंद, म्हणजे कागदाच्या पट्टीला पट्टी चिकटवलेला, उलगडत गेला तर टेबलावरून खाली लोंबू लागला. सोबत कुणाकडून तरी करून आणलेले देवनागरी लिप्यंतर होते, जेमतेम एक पान. त्याच्या शेवटी लिप्यंतरकाराने लिहिले होते : ‘खाली निशाण्या आहेत.’

मी ते एक पान वाचले आणि मूळ कागद गुंडाळायला लागले. तेवढ्यात घरातले सर्वांत वयस्कर बाबा पुढे झाले. त्यांना सहीपुरतीही अक्षरे येत नव्हती. त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवले आणि म्हणाले, “ताई, हे आमचं थापटणं.” खरेच तिथे थापटण्याचे चित्र होते. मडके ठोकून घडवायचे ते लाकडी थापटणे. त्याच्या शेजारी नांगर, पलीकडे तागडी, खाली हातोडा, रांपी, आरसा. चाळीसेक खुणा. एलएल. बी.च्या तीन वर्षांत आणि त्यानंतरच्या वकिलीत मला जे कुणी दाखवले नव्हते ते त्या अक्षरशत्रू माणसाने दाखवले. कागदाचा जो भाग मी सोडून देत होते, त्या कागदाचा सगळा जीव तिथेच होता.

त्या आठवड्यात मी मोडीच्या वर्गाला नाव घातले. आज जे लिहिते आहे ते त्यानंतर वाचलेल्या कागदांच्या जोरावर.

आपल्या अभ्यासक्रमात कायद्याचा इतिहास साधारणपणे ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदांपासून सुरू होतो. १७२६ची सनद आणि मेयर्स कोर्टे, १७७२ची वॉरन हेस्टिंग्जची योजना, मग पुढची रांग. त्याआधीचा काळ एका प्रकरणात उरकला जातो. त्यात स्मृती येतात, काझी येतो, आणि ‘गावात पंचायती असत’ असे एखादे वाक्य येते. विद्यार्थ्याची समजूत अशी होते की त्याआधी इथे एकतर संस्कृत पोथ्यांतला कायदा होता, नाहीतर सगळा तोंडी कारभार. दोन्ही खोटे. इथे रूढीचा कायदा होता आणि त्या कायद्याला लेखणीची पुरती सवय होती. फक्त तिथे लिखाणाचे काम वेगळे होते. ते काय होते हे आपण शिकवतच नाही, ही माझी तक्रार.

महजर म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण आपल्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना हा शब्द परका वाटेल. शब्द अरबी, ‘हजर’ या शब्दाचा सख्खा भाऊ. वतनाचा, शिवेचा, मानपानाचा वाद उभा राहिला की गोतसभा बसे : पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, शेजारच्या गावांचे मोकदम, परगण्याचे देशमुख-देशपांडे, पेठ असेल तर शेटे-महाजन, आणि सरकारातर्फे दिवाणाची माणसे. या सभेने जे ऐकले आणि ठरवले त्याचा कागद म्हणजे महजर. तो सुरू होतो तारखेने आणि लगेच येते हाजीर मजालस, म्हणजे कोण कोण बसले होते त्याची यादी. मग अग्रवादीचा, म्हणजे वादीचा करीना (हकीकत), पश्चिमवादीचा, म्हणजे प्रतिवादीचा करीना, कुणी काय पुरावा दाखवला, साक्षीदार काय बोलले, आणि शेवटी निवाडा. त्याखाली पुन्हा माणसे, या वेळी सह्या आणि निशाण्यांच्या रूपात.

माणसांनी सुरुवात आणि माणसांनीच शेवट. मधला मजकूर त्यांच्या कुशीत. आजच्या निकालपत्रात न्यायाधीशाची एक सही पुरते, कारण तिथे अधिकार खुर्चीतून येतो. महजरात अधिकार जमलेल्या गोतातून येई. कागद त्या जमण्याला बांधून ठेवी, उद्या कुणी ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणू नये म्हणून.

ज्याला लिहिता येई तो सही करी, ज्याला येत नसे त्याची निशाणी होई. कुणब्याचा नांगर, चांभाराची रांपी, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. बाईची बांगडी. निवाड्याखाली बांगडीची खूण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ कागद मिटवता आला नाही. ती विधवा होती आणि तिने आपला हिस्सा मागितला होता एवढेच मजकुरातून कळत होते. नाव अर्धे पुसले होते, बांगडी मात्र शाबूत होती.

या निशाण्यांना आपण आजच्या अंगठ्याच्या जागी बसवतो. ते चूक आहे. अंगठा सांगतो, हा माणूस अमुक. थापटणे सांगते, हा माणूस गावात कोण, कशाच्या नात्याने बोलतो आहे. त्याची साक्ष त्याच्या कामातून वजनदार होते. अशी खूण पोटच्या पोराला ओळखता येते, नातवाला येते, आणि माझ्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बाबांनाही आली. न वाचणाऱ्यांनाही वाचता येईल असा दस्तऐवज करण्याची ही रीत आपल्याकडे नवी नव्हती. शिलाहार आणि यादवांच्या काळातले गधेगळ आठवा. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शिवीचे उघडेवाघडे चित्र. अक्षर ज्याला कळत नाही त्यालाही शाप कळावा.

आता आपल्या मुलांना सर्वांत उपयोगी पडेल असा मुद्दा : पुराव्यात लिखाणाची जागा.

याज्ञवल्क्यस्मृतीत प्रमाणे सांगितली आहेत ती लिखित, भुक्ती आणि साक्षी. यांपैकी काहीच नसेल तर दिव्य, म्हणजे देवाचा कौल घेण्याची परीक्षा. गोतसभाही याच वाटेने चाले. कागद आहे का, भोगवटा कुणाचा आहे, शेजारीपाजारी काय म्हणतात. यादीत लिखिताचा नंबर पहिला आहे हे खरे, पण कागद गेला म्हणून हक्क गेला असे तिथे होत नसे. किती करीन्यांत तेच वाक्य भेटते : मोगलांच्या धामधुमीत घर जळाले, कागद गहाळ झाले. मग सभा शेजारच्या गावांना बोलावी, म्हाताऱ्यांना विचारी, बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावी आणि त्या स्मरणातून नवा महजर करून देई. हक्क लोकांच्या आठवणीत जिवंत होता आणि कागद त्या आठवणीची नक्कल होता. आज माझा पक्षकार कागद हरवून येतो तेव्हा मला त्याला काय सांगावे लागते ते आपल्याला ठाऊकच आहे.

आणि दिव्य. या विषयावर वर्गात फक्त हसू किंवा शहारा येतो, म्हणून थोडे थांबून सांगते. रव्याच्या दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढावा लागे. हात आधी धुऊन नखे काढत. नंतर हातावर पिशवी बांधून मोहर करत आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष सोडत. हे क्रूर होते यात मला शंका नाही, आणि कुणी त्याला प्राचीन शहाणपण म्हणू लागले तर मी त्याच्याशी भांडेन. पण त्याआधी त्या माणसाच्या कपाळाला एक कागद बांधत, भाळपत्र. त्याचा दावा नेमका काय आहे ते त्यावर लिहिलेले असे. देवाला कौल मागायचा तरी प्रश्न आधी अक्षरांत पक्का करायचा. वादाचे मुद्दे निश्चित केल्याशिवाय सुनावणी नाही, हे आपण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चौदाव्या आदेशात शिकवतो. भाळपत्र पाहिलेला विद्यार्थी तो आदेश जन्मात विसरणार नाही.

निवाडा झाल्यावर हरलेल्याने यजितखत लिहून द्यायचे : मी हरलो, पुन्हा हा कज्जा करणार नाही. जिंकलेल्याने हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम सरकारात भरायची, हरलेल्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. वाद सुरू होण्याआधीच दोघांकडून राजीनामा घेतलेला असे. आज त्या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणे असा राहिला आहे, पण मूळ अर्थ राजी असल्याचा लेख : ही सभा जे ठरवील ते मला मान्य. आणि जामीन. म्हणजे लिखाण निकालाच्या आधी, मध्ये आणि नंतर पसरलेले होते आणि प्रत्येक कागद कुणाला तरी शब्दात बांधत होता. कायद्याची कलमे मात्र यांतल्या एकाही कागदात नाहीत. ‘वतनाचा वारस कोण’ याचा सर्वसाधारण नियम महजर सांगत नाही. तो एवढेच सांगतो की या गावात, या दिवशी, या माणसांनी अमुकाला वारस म्हटले.

मला सर्वांत भावते ते सरकारी पत्रांच्या शेवटचे एक वाक्य. अधिकाऱ्यांना हुकूम असतो की या पत्राची तालीक लिहून घ्यावी आणि असल पत्र भोगवटियास परतोन द्यावे. सोबत असेही की दरसाल नव्या पत्राचा उजूर, म्हणजे त्यासाठी अडवणूक, करू नये. म्हणजे नक्कल सरकारने ठेवायची आणि मूळ कागद हक्कदाराच्या घरी जायचा. आज कोर्टाच्या निकालांचे नेमके उलटे आहे. मूळ सरकारच्या कपाटात आणि आपल्या हातात ‘खरी नक्कल’, तीही अर्ज करून, शुल्क भरून, दर वेळी ताजी.

या कागदांचे मी देव्हारे करायला निघालेले नाही. खोटे महजर होत. लेखणी कुलकर्ण्याच्या हातात होती आणि लेखणी ज्याच्या हातात त्याचा स्वार्थ कागदात उतरायला वेळ लागत नसे. म्हणून तर इतके बंदोबस्त : शुहूर सनाची (तेव्हाच्या कारभारातल्या कालगणनेची) वर्षे आकड्यांऐवजी खमस, सीत, सबा अशा अरबी शब्दांत लिहायची, मजकूर संपला तिथे मोर्तब करायचे, म्हणजे मागाहून ओळ घुसवता येऊ नये. गोताचाही हिशेब सरळ नव्हता. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची, पण ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे त्याला गावाबाहेरच राहावे लागे. वतन हे बलुतेदाराचे रक्षण होते तसे बेडीही होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते उगाच नाही. परगणे आणि कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची १९५८च्या. गेली ते बरेच झाले.

पण याच जागी मला एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती मी कोर्टात पाहून बोलते. आजच्या जातपंचायती माणसाला वाळीत टाकतात तेव्हा कागद करत नाहीत. निरोप तोंडी, दंड तोंडी, बहिष्कार तोंडी. २०१६चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा हातात घेऊन मी पीडिताच्या बाजूने उभी राहते तेव्हा कोण बसले होते, कोण काय बोलले हे सिद्ध करता करता जीव मेटाकुटीला येतो. ही मंडळी आपल्याला जुन्या परंपरेचे वारस म्हणवतात. जुन्या परंपरेत बसलेल्या प्रत्येकाला निवाड्याखाली आपला नांगर नाहीतर हातोडा काढून द्यावा लागे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राही. हे आपल्या मुलांना माहीत असले तर ते त्या पंचांना उलटतपासणीत विचारू शकतील : तुमचा महजर कुठे आहे?

रूढी लिहून काढण्याचा दुसरा मार्गही आपल्या शेजारी घडला आहे. गोव्यात पोर्तुगीजांनी १५२६ साली आपले अधिकारी अफोंसो मेशिया यांच्या हातून गावकारीच्या, म्हणजे तिथल्या गावसंस्थेच्या चालीरीतींचा फोराल (सनद) तयार केला, ४९ कलमांचा. गावाची रीत एकदाच विचारून घेतली, कलमे पाडली आणि राजाच्या नावाने लागू केली. अभ्यासकांना हा दस्त अमोल आहे. पण त्यात बदल बघा केवढा. देशावर प्रत्येक वादागणिक गोत पुन्हा जमत होते आणि रीत पुन्हा सांगत होते. गोव्यात रीत एका पुस्तकात जाऊन बसली, आणि यापुढे वाद रीतीवर होणार की कलमाच्या शब्दावर, हा प्रश्न उभा राहिला.

आपल्याकडे तो प्रश्न तीनशे वर्षांनी आला. पेशवाई गेल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सांगण्यावरून आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या जातीजातींच्या चाली शास्त्र्यांना आणि जातीच्या मुखत्यारांना विचारून टिपून घेतल्या. मग मुंबई सरकारचा १८२७चा चौथा विनियम, कलम २६ : कायदा किंवा विनियम नसेल तिथे मुलखाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि तेही नसेल तर न्याय, समता व सद्विवेक. कागदावर वहिवाटीला मोठा मान मिळाला. पण आता ती परक्या न्यायाधीशासमोर सिद्ध करायची होती. पूर्वी जे गोत रूढी सांगायला न्यायासनावर बसे, ते आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. १८६८च्या मदुरा कलेक्टरच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, म्हटले की स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी धर्मग्रंथाच्या लिखित वचनाला भारी पडते. हे वाक्य आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. सिद्ध झालेली रूढी कागदावर दिसते कशी, हे त्यांच्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

वस्तू नाही म्हणून शिकवत नाही, असेही नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करते आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली साधने एक शतकाहून अधिक काळ छापील देवनागरीत उपलब्ध आहेत, त्यात महजर आहेत, निवाडे आहेत. मोडी येत नसणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते उद्या सकाळी वाचता येतील. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी जाणणाऱ्यांना एकदम मागणी आली, ते चांगलेच झाले. पण त्या शोधात कागद एका शब्दासाठी चाळला जातो. तो शब्द सापडला की फोटो, नाही सापडला की कागद पुन्हा रुमालात. कागद कशासाठी झाला, कोण भांडत होते, कुणी निशाणी केली, इकडे कुणी बघत नाही. लोकांची गरज खरी आहे, त्यांना दोष नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यानेही तसेच वाचले तर मात्र दोष आपला.

२०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ खाली, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ९० खाली, तीस वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला दस्त आपण सहीच्या गृहीतकासह वाचतो. त्यातल्या ‘सही’ या शब्दात थापटणे बसते का, बांगडी बसते का, यावर एक तास वर्गात चर्चा होऊ दे. मला खात्री आहे, तो तास लवकर संपणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कायद्याच्या इतिहासाच्या पेपरात एक महजर संपूर्ण लावा. सारांश नको. हाजीर मजालशीपासून शेवटच्या निशाणीपर्यंत, मोडी प्रतिमा आणि समोर देवनागरी पाठ अशा रीतीने. परीक्षेत त्यावर एक प्रश्न असू द्या, नाहीतर कुणी वाचणार नाही, हे आपण सगळे जाणतो. ज्या महाविद्यालयाजवळ पुराभिलेखागार आहे तिथल्या मुलांना एकदा तरी असल कागदासमोर बसवा. शिकवायला माणूस मिळत नसेल तर मी येईन. शनिवारी आमच्या कोर्टाला सुट्टी असते तेव्हा कधीही. मानधन नको, एसटीचे भाडे माझे मी भरीन.

त्या कुंभार कुटुंबाचा दावा अजून चालू आहे, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाच्या परवानगीने, गावाचे आणि माणसांचे नाव झाकून, त्या महजराच्या शेवटच्या बंदाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. उजवीकडून तिसरी खूण पाहावी. तालीक आपल्याकडे ठेवून घ्यावी. असल मी त्यांच्या घरी परत पोचवले आहे.

कळावे,

आपली,
तालुका न्यायालयातील एक वकील